बदाम पेटले, चेटकिणीने बाण मारला: जर्मन आजारांच्या नावांची उकल

जर्मनीत घसा धरला, आवंढा गिळवेना आणि डॉक्टरांकडे गेलात, तर ते बॅटरी मारून घशात बघतील आणि शांतपणे सांगतील, ‘मांडेल-एन्ट्स्युंडुंग’ आहे. या शब्दाची फोड केली तर ‘मांडेल’ म्हणजे बदाम आणि ‘एन्ट्स्युंडुंग’ म्हणजे पेटणं. तुमचे बदाम पेटलेत, इतकंच त्यांचं म्हणणं. आपण ज्याला टॉन्सिल्स सुजणं म्हणतो ते हेच.

जर्मन भाषेतली आजारांची नावं पाहिली की परदेशी माणसाला धडकी भरते. पानभर लांबीचे शब्द, मध्ये श्वास घ्यायला जागा नाही. पण मराठी माणसाने घाबरायचं खरं तर काही कारण नाही. शाळेत समास शिकताना जी कटकट सहन केली, तिचं चीज होण्याची ही जागा आहे. गंमत पुढे आहे. हे शब्द फोडले की आरपार दिसतात असं वाटतं, आणि नेमकं तिथेच ते फसवतात.

जोडणी कशी होते

‘पोटदुखी’ हा शब्द घ्या. पोटदुखी ही एक प्रकारची दुखी आहे, पोटाचा प्रकार नव्हे. शेवटचं पद मुख्य, आधीचं पद त्याचं वर्णन करणारं. हा आपला तत्पुरुष. जर्मन सामासिक शब्दांपैकी बहुतेक सगळे असेच चालतात. म्हणून जर्मन शब्द वाचायचा तो शेपटीकडून. आमच्या जर्मनच्या वर्गात बाई फळ्यावर लांबलचक शब्द लिहायच्या आणि डाव्या बाजूवर हात ठेवून तो झाकायच्या. आधी शेवट ओळखा, मग हात सरकेल.

‘बाउखश्पायशेलड्र्यूझन-एन्ट्स्युंडुंग’. (मी मध्ये रेघ मारली आहे ती केवळ वाचकांवर दया म्हणून. जर्मनमध्ये हा सलग एक शब्द आहे.) शेवटी ‘एन्ट्स्युंडुंग’, म्हणजे काहीतरी पेटलंय, सुजलंय. त्याच्या आधी ‘ड्र्यूझे’, म्हणजे ग्रंथी. त्याच्या आधी ‘श्पायशेल’, म्हणजे लाळ. अगदी आधी ‘बाउख’, म्हणजे पोट. पोटातल्या लाळेच्या ग्रंथीचा दाह. आता पोटात लाळेसारखा पाचक रस सोडणारी ग्रंथी कोणती? स्वादुपिंड. आजार झाला पॅन्क्रियाटायटिस. शब्दकोश न उघडता निम्मं निदान झालं.

पदं जोडताना मध्ये कधी ‘स’, कधी ‘न’, कधी ‘अर’ येतो. ‘लुंगे’ म्हणजे फुफ्फुस, पण न्यूमोनियाला म्हणतात ‘लुंगे-न-एन्ट्स्युंडुंग’. ‘रिंड’ म्हणजे गोवंशाचं जनावर, पण रोगाचं नाव ‘रिंड-अर-पेस्ट’. या जोड-अक्षराला जर्मन व्याकरणात ‘फूगे’ म्हणतात. गवंडीकामात दोन विटांमधल्या दरजेलाही हाच शब्द आहे. आपल्याकडेही दरज भरावी लागते: डोकं दुखलं तरी शब्द ‘डोकेदुखी’ होतो, घोड्यावरचा स्वार ‘घोडेस्वार’ होतो. आपण हे नकळत करतो, तसंच जर्मन मूलही करतं.

ही जोडणी किती लांबू शकते याचा उच्चांक एका आजारानेच गाठून दिला. गायींना वेड लावणाऱ्या ‘रिंडरवान’ने, म्हणजे मॅड काऊ रोगाने, युरोप हादरला होता. तेव्हा गोमांसावरच्या लेबलांच्या तपासणीचं काम कोणाकडे सोपवायचं याबद्दल मेक्लेनबुर्ग-फोरपोमर्न या राज्याने १९९९ मध्ये एक कायदा केला. त्याचं नाव: रिंटफ्लाइश-एटिकेटीरुंग्स-यूबरवाखुंग्स-आउफगाबन-यूबरट्रागुंग्स-गेझेत्स. जर्मन लिपीत ६३ अक्षरांचा एक शब्द. २०१३ मध्ये कायदा रद्द झाला आणि वृत्तपत्रांनी कायद्यापेक्षा शब्दालाच जास्त श्रद्धांजली वाहिली.

एका आजाराला दोन नावं

जर्मनीत नोकरी करू पाहणाऱ्या परदेशी डॉक्टरांना एक भाषापरीक्षा द्यावी लागते, ‘फाखश्प्राखप्र्यूफुंग’. तिचे वीस-वीस मिनिटांचे तीन भाग असतात. पहिल्यात समोर रुग्ण बसलेला असतो (म्हणजे रुग्णाचं सोंग घेतलेला परीक्षक), दुसऱ्यात त्याची टिपणं लिहायची, तिसऱ्यात दुसऱ्या डॉक्टरशी त्या रुग्णाबद्दल बोलायचं. खरी मेख अशी की पहिल्या आणि तिसऱ्या भागात आजार तोच असला तरी शब्द बदलावे लागतात. रुग्णाला सांगायचं ‘लुंगन-एन्ट्स्युंडुंग’, सहकाऱ्याला सांगायचं ‘प्नॉयमोनी’. कावीळ असेल तर रुग्णाला ‘गेल्बझुख्त’, सहकाऱ्याला ‘इक्टेरुस’. रुग्णाशी बोलताना लॅटिन झाडलं तर गुण जातात.

हे दोन मजले कसे उभे राहिले याचं उत्तर पाचशे वर्षांपूर्वीच्या युरोपात आहे. विद्यापीठात शिकलेला वैद्य लॅटिनमध्ये वाचायचा, लॅटिनमध्ये लिहायचा आणि सहसा रक्ताला हात लावायचा नाही. जखमा शिवणं, हाड बसवणं, गळू फोडणं ही कामं ‘वुंडआर्त्स्ट’ची, म्हणजे जखम-वैद्याची. तो न्हाव्यांच्या पंगतीतला कारागीर, त्याला लॅटिन येत नसे. छपाई आली तशी त्याच्यासाठी जर्मनमध्ये पुस्तकं निघू लागली. हिएरोनिमुस ब्रुन्शविगचा शस्त्रक्रियेवरचा ग्रंथ १४९७ मध्ये आणि हान्स फॉन गेर्सडोर्फचं रणांगणावरच्या जखमांचं पुस्तक १५१७ मध्ये, दोन्ही स्ट्रासबुर्गला छापली गेली. या पुस्तकांना लॅटिन संज्ञांना जर्मन प्रतिशब्द घडवावेच लागले.

मग आला पॅरासेल्सस. या भांडखोर वैद्याने १५२७ मध्ये बाझेलच्या विद्यापीठात चक्क जर्मनमधून व्याख्यानं द्यायला सुरुवात केली. प्राध्यापक मंडळी संतापली. त्याच वर्षी त्याने जुन्या वैद्यकाचा एक मान्यवर ग्रंथ होळीत टाकला, त्यामुळे संताप कमी होण्याची शक्यताही उरली नाही. पण खाणकामगारांच्या फुफ्फुसाच्या आजारावर पुस्तक लिहिताना त्याने आजाराला खाणकामगारांचंच नाव ठेवलं: ‘बेर्गझुख्त’, डोंगराचा आजार. खाणी डोंगराच्या पोटात, म्हणून.

लॅटिनचा मजला मात्र पडला नाही. उलट एकोणिसाव्या शतकात तो ग्रीकचा मुलामा घेऊन चकचकीत झाला. रुडोल्फ फिरखो या जर्मन डॉक्टरने १८४५ मध्ये एका रुग्णाच्या रक्ताचं वर्णन करताना साध्या जर्मनमध्ये ‘पांढरं रक्त’ म्हटलं होतं. दोनच वर्षांनी त्याने नाव ठेवलं ‘लॉयकेमी’, आपला ल्युकेमिया. ग्रीकमध्ये अर्थ तोच, पांढरं रक्त. पण ग्रीक शब्द पॅरिस आणि लंडनलाही चालला. शास्त्रज्ञाने शब्द निर्यातीसाठी घडवला. घरी वापरायला लोकांनी ‘ब्लूटक्रेप्स’ ठेवला, रक्ताचा कर्करोग.

आपली स्थितीही दोन मजल्यांचीच, फक्त वरचा मजला इंग्रजीचा. साखरेच्या आजाराला आपले डॉक्टर डायबेटिस म्हणतात, पाठ्यपुस्तक मधुमेह म्हणतं आणि चाळीतल्या काकू म्हणतात, ‘त्यांना शुगर आहे.’ जर्मन काकू काय म्हणतात? ‘एर हाट त्सुकर.’ त्याला साखर आहे. शब्दशः तेच, आणि कोणी कोणाकडून घेतलेलं नाही.

पेटणं, खेकडा आणि बारा बोटं

बऱ्याच जणांची समजूत असते की जर्मन नावं अस्सल मातीतली असतात. ऐकायला ती तशी वाटतात खरी. पण त्यांतली निम्मी-अर्धी लॅटिन किंवा ग्रीक शब्दांची पदनिहाय भाषांतरं आहेत. ‘एन्ट्स्युंडन’ म्हणजे आग लावणं, चूल पेटवणं. लॅटिन ‘इन्फ्लामात्सिओ’मध्ये ‘फ्लामा’ आहे, ज्वाळा. सूज आलेला भाग लाल होतो, तापतो, ठणकतो, म्हणून आगीची उपमा. जर्मनांनी उपमा तशीच उचलून स्वतःच्या भाषेत बसवली. आपल्या वैद्यकातला ‘दाह’ हा शब्द काढून पाहा. दह् म्हणजे जळणं. रोमला आणि आयुर्वेदाला सुजलेल्या अंगात आगच दिसली.

टॉन्सिलचे बदामही बाहेरूनच आले. अरबी वैद्य त्यांना ‘दोन बदाम’ म्हणत, लॅटिनने बदामासाठीचा ग्रीक शब्द घेतला, फ्रेंचमध्ये तो अजून आहे आणि जर्मनने भाषांतर करून ‘मांडेल’ केलं.

लहान आतड्याच्या पहिल्या भागाची कथा तर प्रवासवर्णनच आहे. इसवी सनापूर्वी ३०० च्या सुमारास अलेक्झांड्रियात हेरोफिलस नावाचा ग्रीक वैद्य मृतदेहांची चिरफाड करत होता. त्याने हा भाग बोटांनी मोजला. बारा बोटं शेजारी-शेजारी ठेवली तर जेवढी रुंदी होईल तेवढी लांबी, म्हणजे साधारण पंचवीस सेंटिमीटर. त्याने नाव ठेवलं ‘बारा बोटांचं’. ते ग्रीकमधून अरबीत गेलं, बाराव्या शतकात स्पेनमधल्या तोलेदोमध्ये क्रेमोनाच्या जेरार्डने अरबीतून लॅटिनमध्ये आणलं, तेव्हा ‘डुओडेनुम’ झालं, आणि त्यात फक्त ‘बारा’ उरले, बोटं गळाली. जर्मनने ती परत बसवली: ‘त्स्वोल्फ-फिंगर-डार्म’, बारा-बोटं-आतडं. तिथे अल्सर झाला की ‘त्स्वोल्फफिंगरडार्मगेश्व्यूर’. एवढा मोठा शब्द पाहून हसणाऱ्याने लक्षात ठेवावं की त्याच्या पोटात अलेक्झांड्रिया, बगदादची भाषा आणि तोलेदो एवढं सगळं बसलंय.

कर्करोगाची वाट आपल्यालाही येऊन मिळते. ग्रीक वैद्यांनी कठीण गाठीला ‘कार्किनोस’ म्हटलं, खेकडा. गाठीभोवती फुगलेल्या शिरा खेकड्याच्या नांग्यांसारख्या पसरतात, असं रोमन काळातल्या गेलन या वैद्याने त्याचं कारण दिलं. लॅटिनमध्ये खेकडा म्हणजे ‘कान्सर’, जर्मनमध्ये ‘क्रेप्स’. आयुर्वेदाचा जुना शब्द ‘अर्बुद’. त्यात खेकडा नव्हता. ‘कर्करोग’ हा आधुनिक काळात युरोपच्या खेकड्याचं संस्कृत भाषांतर करून घडवलेला शब्द आहे. म्हणजे जे जर्मनांनी केलं तेच आपणही केलं. आपल्याला तो आपलाच वाटतो, यात भाषांतरकाराचं कौतुक.

डोळ्याच्या पापणीवर येणाऱ्या रांजणवाडीला जर्मन म्हणतात ‘गेर्स्टनकोर्न’, सातूचा दाणा. लॅटिन नावातही सातूच आहे. तिची न दुखणारी, टणक बहीण म्हणजे ‘हागेलकोर्न’, गारेचा दाणा, आणि ग्रीक ‘खालाझा’ म्हणजेही गारच. मला या सगळ्या शब्दांत हे दोन सर्वांत आवडतात. एवढासा फोड आणि त्याला शेत आणि आभाळ.

काही ठिकाणी मात्र तीन-तीन संस्कृतींना एकच गोष्ट दिसली. माणूस खंगत जातो म्हणून आपला ‘क्षय’. ग्रीक ‘फ्थिसिस’ म्हणजेही झिजणं. जर्मन ‘श्विंडझुख्त’मधलं ‘श्विंडन’ म्हणजे कमी कमी होत नाहीसं होणं. जंतूचा पत्ता १८८२ मध्ये रॉबर्ट कोखने बर्लिनमध्ये सांगितला, आणि तेव्हापासून ‘टुबेर्कुलोझे’ने जुन्या शब्दाला हळूहळू बाहेर काढलं. मराठीत मात्र टीबीबरोबर क्षयही नांदतो आहे.

आरपार दिसतं त्यातली फसगत

अपेंडिक्स सुजलं की जर्मन माणूस म्हणतो ‘ब्लिंडडार्म-एन्ट्स्युंडुंग’, आंधळ्या आतड्याचा दाह. आंधळं आतडं म्हणजे मोठ्या आतड्याची बंद तोंडाची पहिली पिशवी. लॅटिन ‘सेकुम’ म्हणजेही आंधळं. पण अपेंडिक्स ही ती पिशवी नाही, तिला लटकणारं शेपूट आहे. त्याला जर्मनमध्ये वेगळा शब्द आहे, ‘वुर्मफोर्टझात्स’, किड्यासारखा वाढावा. मग आजाराच्या नावात चुकीचा अवयव कसा? कारण एकोणिसाव्या शतकात बरीच वर्षं वैद्यांची खरंच अशी समजूत होती की उजव्या बाजूच्या त्या जीवघेण्या दुखण्याचं मूळ पिशवीत आहे. १८८६ मध्ये बॉस्टनच्या रेजिनाल्ड फिट्झने दाखवून दिलं की दोष शेपटाचा. त्याने ‘अपेंडिसायटिस’ हा शब्द वापरात आणला, डॉक्टर सुधारले, लोकभाषा सुधारली नाही. जर्मनीत दर शाळकरी पोर ‘माझं आंधळं आतडं काढलंय’ असं अभिमानाने सांगतं. ते काढलेलं नसतं.

पोलिओला म्हणतात ‘किंडरलेमुंग’, मुलांचा लकवा. याकोब हाइने या अस्थिवैद्याने १८४० मध्ये या आजाराचं पहिलं व्यवस्थित वर्णन लिहिलं आणि १८६० च्या आवृत्तीत तो मज्जारज्जूशी जोडून ‘किंडरलेमुंग’ म्हटलं. त्याने पाहिलेले रुग्ण लहान मुलंच होती. पण पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झालेले फ्रँकलिन रूझवेल्ट १९२१ मध्ये वयाच्या ३९ व्या वर्षी या ‘मुलांच्या’ आजाराने पायातलं बळ गमावून बसले. नावातलं मूल ही वर्णनकर्त्याने पाहिलेली गोष्ट होती, रोगाने मान्य केलेली अट नव्हती. १९६० च्या दशकात पश्चिम जर्मनीत तोंडावाटे द्यायच्या लसीची जाहिरात झाली ती मात्र याच शब्दावर: लस गोड आहे, किंडरलेमुंग क्रूर आहे.

मोतीबिंदूला ‘ग्राउअर श्टार’ म्हणतात आणि काचबिंदूला ‘ग्र्यूनर श्टार’. ‘श्टार’ नावाचा एक पक्षीही आहे, मैनेच्या जातीचा. त्यामुळे नवशिक्याला वाटतं, राखाडी मैना आणि हिरवी मैना. पक्ष्याचा काही संबंध नाही. हा ‘श्टार’ आला ‘श्टारेन’पासून, टक लावून पाहणं. जुन्या जर्मनमध्ये उघड्या डोळ्यांनी टक लावणाऱ्या पण न दिसणाऱ्या माणसासाठी ‘टक-आंधळा’ असा शब्द होता, त्याचा हा तुटलेला तुकडा.

व्यायामशाळेत पहिल्या दिवशी जास्तच जोर काढले की दुसऱ्या दिवशी अंग मोडून येतं. त्याला जर्मन ‘मुस्केलकाटर’ म्हणतात, आणि ‘काटर’ म्हणजे बोका. स्नायूंतला बोका! शब्दव्युत्पत्तीचे कोश सांगतात की हा बोका म्हणजे विद्यार्थ्यांच्या तोंडी बिघडलेला ‘काटार’, सर्दी-पडशाचा ग्रीक शब्द. दारू उतरल्यावरच्या अवस्थेला विद्यार्थी काटर म्हणू लागले आणि तिथून तो स्नायूंत शिरला.

चेटकीण, पट्टा आणि वरून पडलेला फटका

सगळी नावं विद्यापीठातून उतरली असं मात्र नाही. बाड ट्योल्त्स या गावातला वैद्य माक्स होएफलर याने १८९९ मध्ये लोकांच्या तोंडातली आजारांची नावं गोळा करून एक भला मोठा कोश छापला. तिथे भुतं, चेटकिणी, किडे आणि संत यांची गर्दी आहे.

त्यातली एक चेटकीण आजही दवाखान्यात येते. खाली वाकून पिशवी उचलली आणि कमरेत एकदम चमक भरली, माणूस वाकला तो वाकलाच. आपण म्हणतो उसण भरली. जर्मन म्हणतात ‘हेक्सनशुस’. ‘हेक्से’ चेटकीण, ‘शुस’ म्हणजे नेम धरून मारलेला बाण किंवा गोळी. न दिसणाऱ्या कोणीतरी मागून बाण मारला, ही कल्पना जर्मनांपुरती नव्हती. इंग्लंडच्या हजार वर्षांपूर्वीच्या एका हस्तलिखितात अचानक उठणाऱ्या कळेवरचा मंत्र आहे, आणि त्यात यक्षांनी मारलेला बाण आणि चेटकिणीने मारलेला बाण अशी नावं घेऊन ते बाहेर पडण्याची आज्ञा केली आहे. मंत्र गेला, चेटकिणीवरचे खटले संपले, विमा कंपन्यांच्या कागदांवर हेक्सनशुस अजून आहे.

नागीण या आजाराचं जर्मन नाव ‘ग्युर्टेलरोझे’: पट्टा आणि गुलाब. गुलाब म्हणजे त्वचेवरचा लाल चट्टा, पट्टा म्हणजे कमरेभोवती पसरणारी फोडांची रांग. ग्रीक ‘झोस्टर’ म्हणजेही पट्टाच. आपल्या नावातल्या नागिणीबद्दल घराघरात एक भीती सांगितली जाते: तोंड आणि शेपूट एकमेकांना मिळाले तर माणूस वाचत नाही. जर्मन आज्याही हेच सांगतात, पट्टा बंद झाला की संपलं. दोन्हीकडची भीती निराधार आहे. हा विषाणू एका मज्जातंतूच्या वाटेने त्वचेवर येतो आणि तो मज्जातंतू शरीराच्या एकाच बाजूला असतो. म्हणून वेढा बहुतेक कधीच पूर्ण होत नाही. पूर्ण न होणाऱ्या गोष्टीचीच दोन्हीकडे भीती.

मेंदूचा झटका म्हणजे ‘श्लागआनफाल’, फटक्याचा हल्ला. ‘श्लाग’ म्हणजे तडाखा. ग्रीक ‘अपोप्लेक्सिया’तही तडाखा मारून खाली पाडणं आहे, आणि तो कोणाच्या हातचा हे मध्ययुगात कोणी विचारत नव्हतं, देवाच्याच. आपल्याकडे ‘अंगावरून वारं गेलं’ म्हणतात. तिकडे फटका, इकडे वारा. मला आपला शब्द जास्त भीतीदायक वाटतो, कारण फटका निदान कोणीतरी मारतो.

शेजाऱ्यावर खापर फोडण्यातही एकी आहे. सिफिलिसला जर्मन लोक ‘फ्रान्त्सोझन’, म्हणजे फ्रेंचांचा आजार, म्हणत. आपल्याकडे सोळाव्या शतकातल्या ‘भावप्रकाश’ या आयुर्वेदाच्या ग्रंथात तोच आजार ‘फिरंग रोग’ म्हणून येतो. पोर्तुगीज बंदरांत उतरले आणि मागोमाग आजार आला, म्हणून नाव त्यांच्या नावावर.

परदेशी गेलेले शब्द

काही जर्मन शब्द इंग्रजीने उचलले आणि इंग्रजीतून ते आपल्यापर्यंत आले. मुंबई-पुण्याच्या वैद्यकीय महाविद्यालयांतली मुलं स्त्रीरोगशास्त्रात ‘मिटेलश्मेर्त्स’ पाठ करतात: दोन पाळ्यांच्या मध्यावर, बीज बाहेर पडताना होणारी कळ. शब्दाचा अर्थ फक्त ‘मधलं दुखणं’.

‘रिंडरपेस्ट’ची पुण्याशी ओळख जुनी. गुरांची ही साथ इतकी भयंकर होती की सरकारने १८८९ मध्ये पुण्यात जंतुशास्त्राची प्रयोगशाळा काढली. काही वर्षांतच ती हिमालयातल्या मुक्तेश्वरला हलवली, आणि आजची भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्था तिच्यातूनच वाढली. सरकारी कागदावर रिंडरपेस्ट, शेतकऱ्याच्या गोठ्यात ‘बुळकांडी’. २०११ मध्ये हा रोग जगातून नाहीसा झाल्याचं जाहीर झालं. देवीनंतर माणसाने संपवलेला हा दुसराच रोग.

झुख्त

आता त्या एका शेपटाकडे यायला हवं, जे वर तीनदा येऊन गेलं. बेर्गझुख्त, गेल्बझुख्त, श्विंडझुख्त. पिवळेपणाची ‘झुख्त’ म्हणजे कावीळ. पाण्याची ‘झुख्त’, वासरझुख्त, म्हणजे जलोदर. पडण्याची ‘झुख्त’, फालझुख्त, म्हणजे फेफरं. एकोणिसाव्या शतकात तरुण मुलींना होणारी फिकटपणाची ‘ब्लाइशझुख्त’, आपल्या पांडुरोगासारखी.

आजच्या जर्मन माणसाला ‘झुख्त’ म्हणजे काय विचारलं तर तो सांगेल, व्यसन. आणि शब्द कुठून आला विचारलं तर बहुधा म्हणेल, ‘झूखन’वरून, म्हणजे शोधणं. व्यसनी माणूस सारखा काहीतरी शोधत असतो, नाही का? पटण्याजोगं आहे आणि साफ चूक आहे. ‘झुख्त’ आली ‘झीश’पासून, आणि ‘झीश’ म्हणजे आजारी. इंग्रजी ‘सिक’ याचा सख्खा भाऊ. साथीच्या रोगासाठीचा ‘झॉयखे’ही याच घरचा. मध्ययुगात कुष्ठरोग्यांना गावाबाहेर ठेवत त्या जागेचं नाव ‘झीशनहाउस’. त्या काळी ‘क्रांक’ हा शब्द होता, पण त्याचा अर्थ अशक्त, लुकडा असा होता. पुढे ‘झीश’वर कुष्ठाची आणि मरणाची छाया इतकी गडद पडली की साध्या तापासाठी लोक सौम्य शब्द शोधू लागले आणि ‘क्रांक’ आजारी झाला. आपण नाही का, बाईला दिवस गेलेत म्हणतो, माणूस गेला म्हणतो.

‘झुख्त’ एकटी पडली ती जोडशब्दांच्या आडोशाने जगली. तिचा मूळ अर्थ विसरला गेला आणि कानाला जवळचा ‘झूखन’ तिला येऊन चिकटला. मत्सर म्हणजे ‘आयफरझुख्त’, ओढ म्हणजे ‘झेनझुख्त’: इथे ती आजारापेक्षा हव्यासासारखीच ऐकू येते. मग ‘ट्रुंकझुख्त’ होतीच, पिण्याची. १८७७ मध्ये बर्लिनच्या एडुआर्ड लेविनश्टाइनने मॉर्फिनच्या सवयीवर पुस्तक लिहिलं त्याचं नाव ‘मॉर्फिउमझुख्त’. तोवर वळण पूर्ण झालं होतं. मज्जासंस्थेचे डॉक्टर हेरमान ओपेनहाइम यांनी तर मेंदूच्या पुढच्या भागाला इजा झाल्यावर सतत फालतू विनोद करत सुटणाऱ्या रुग्णांच्या अवस्थेला ‘वित्सेलझुख्त’ म्हटलं. विनोदाचा आजार. (आपल्या ओळखीत एखादा असा असतोच, पण त्याचा मेंदू धडधाकट असतो.)

याचा त्रास शब्दापुरता राहिला नाही. ‘मागरझुख्त’ म्हणजे ज्या आजारात मुली जेवण सोडून हाडाचा सापळा होतात तो. ‘मागर’ म्हणजे रोड. शब्दाची घडण जुनीच आहे: रोडपणाचा आजार, जशी पिवळेपणाची कावीळ. पण आजचा वाचक तो ‘रोड होण्याचं व्यसन’ असा वाचतो आणि मुलीलाच हौस होती असं नकळत ठरवून टाकतो. दारूच्या बाबतीत तर असं वाचणं महागात पडायचं. पिणाऱ्याला उपचाराचा खर्च कोण देणार? ज्याने आपल्या हाताने ओढवून घेतलं त्याचं ते पाप, असा आजारविमा संस्थांचा सूर असे. अखेर १८ जून १९६८ रोजी पश्चिम जर्मनीच्या सर्वोच्च सामाजिक न्यायालयाने निकाल दिला की ‘ट्रुंकझुख्त’ हा विमा कायद्याच्या अर्थाने आजार आहे, आणि उपचारांचा खर्च विमा संस्थांच्या गळ्यात पडला. त्याच्या चार वर्षं आधी जागतिक आरोग्य संघटनेने व्यसन हा शब्दच सोडून ‘अवलंबित्व’ म्हणा असं सुचवलं होतं. जर्मन डॉक्टर आता अहवालात तोच शब्द लिहितात, ‘आपहेंगिशकाइट’. दवाखान्याच्या पाटीवर मात्र ‘झुख्त’ कायम आहे, आणि पाटी वाचून आत जाणाऱ्यांतल्या बहुतेकांना अजून वाटतं की ती ‘शोधण्या’वरून आली.